लाँगहोप लाइफबोट स्टेशनचे मॉडेल : कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, ॲबरडीन

आज पायाची प्लायवूडची फळी कापून घेतली आणि काम सुरू झाले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात हॉय नावाचे बेट आहे आणि त्याच्या दक्षिण टोकाला लाँगहोप हे बंदर आहे. तेथील लाइफबोट स्टेशनचे, म्हणजे समुद्रात संकटात सापडलेल्यांना वाचवायला जाणाऱ्या बोटीच्या ठाण्याचे, मॉडेल करून, मराठी फलकांसह, आमच्या मंडळाच्या वाचनालयात ठेवायचे आहे. माप १:४८ ठरवले, म्हणजे प्रत्यक्षातला एक फूट मॉडेलमध्ये ६.३५ मिलिमीटर होतो. असे काम हाती घेणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून चुका, खर्च आणि वाया गेलेला वेळ यांसह या नोंदी ठेवतो आहे.

हेच स्टेशन का, हे एकदाच सांगून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी ऑर्कनीला गेलो असताना ऑझमंडवॉलच्या दफनभूमीत लाइफबोटीवरच्या माणसाचा कांस्यपुतळा पाहिला. खाली आठ नावे होती आणि त्यांत एकाच आडनावाची तीन-तीन नावे दोनदा आली होती. त्या दिवसापासून हे काम मनात होते.

१३ ऑक्टोबर

बंदराचा धक्का, त्यामागची काही घरे आणि धक्क्यालगतचे पाणी एवढे पायावर आखून घेतले. धक्का बासवूडच्या पट्ट्यांचा केला. सगळा रविवार यात गेला, पण काम सुबक झाले.

१९ ऑक्टोबर

आठवडाभर केलेले काम आज काढून टाकावे लागले. चूक मुळातली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

आज लाँगहोपची लाइफबोट गावाच्या धक्क्याला पाण्यात बांधलेली असते. मी ऑर्कनीला गेलो तेव्हा तीच पाहिली होती आणि स्टेशन पहिल्यापासून तिथेच असणार असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात बोट धक्क्यावर आली ती १९९९ मध्ये. १८७४ मध्ये स्टेशन सुरू झाले तेव्हापासून सव्वाशे वर्षे ते ब्रिम्स येथे होते आणि ब्रिम्स लाँगहोपच्या खाडीवर नाहीच. हॉय आणि साउथ वॉल्स हे दोन भूभाग ‘आयर’ नावाच्या एका अरुंद पट्टीने जोडलेले आहेत. या पट्टीच्या उत्तरेला लाँगहोपचे शांत, आडोशाचे पाणी आहे आणि दक्षिणेला एथ होप नावाची लहान खाडी आहे, जी थेट पेंटलंड फर्थच्या दिशेने उघडते. ब्रिम्स या दक्षिणेकडच्या खाडीवर आहे. म्हणजे नावाने लाँगहोप असलेले स्टेशन लाँगहोपच्या पाण्याकडे पाठ करून उभे होते.

यामागचे कारण नकाशा समोर ठेवला की लगेच समजते. लाँगहोपची खाडी जहाजांच्या आश्रयाची जागा. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात बाल्टिक समुद्राकडे जाणारी व्यापारी जहाजे ताफ्याने निघण्यासाठी येथे जमत असत, आणि अमेरिकन खाजगी लुटारू जहाजांपासून त्यांचे रक्षण व्हावे म्हणून १८१३ ते १८१५ या काळात खाडीच्या तोंडाशी हॅकनेस आणि क्रॉकनेस येथे दोन मार्टेलो बुरूज बांधले गेले. ते आजही उभे आहेत. परंतु जहाजे फुटत ती आश्रयाच्या जागी नव्हे, तर बाहेर पेंटलंड फर्थमध्ये. ऑर्कनी आणि स्कॉटलंडची मुख्य भूमी यांच्यामधल्या या सामुद्रधुनीतून अटलांटिक आणि उत्तर समुद्र यांचे पाणी भरती-ओहोटीला आलटून पालटून धावते, आणि काही ठिकाणी प्रवाहाचा वेग १२ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटरपर्यंत जातो. वारा प्रवाहाच्या उलट असला की तेथे ज्या लाटा उभ्या राहतात त्यांना स्थानिक लोकांनी नावे दिलेली आहेत, स्ट्रोमा बेटाजवळच्या भोवऱ्याला तर ‘स्वेल्की’ हे जुने नाव आहे. वल्ह्यांच्या आणि शिडाच्या बोटीने जेथे पोचायचे, तेथून जवळ बोट ठेवायची, इतका साधा हिशेब होता.

२८ पौंडांचा पाया फुकट गेला. ज्यांना असे मॉडेल करायचे आहे त्यांनी स्टेशनच्या नावावरून जागा ठरवू नये. ज्या वर्षाचे मॉडेल आहे त्या वर्षी बोट नेमकी कोठे होती हे आधी पाहावे.

२६ ऑक्टोबर, ब्रिम्स

आधी पत्र पाठवून वेळ ठरवली होती. हाउटनहून फेरीने लायनेसला उतरलो आणि तेथून गाडीने दक्षिणेकडे आलो. ब्रिम्सचे १९०६ मधील बोटघर आता संग्रहालय आहे आणि त्यात ‘थॉमस मॅकन’ ही जुनी लाइफबोट ठेवलेली आहे. १९३३ ते १९६२ या काळात ती याच घरातून निघत असे आणि तिने ३०० हून अधिक माणसांचे प्राण वाचवले.

घर आणि बोट यांच्यामध्ये इतकी कमी जागा आहे की बाजूने चालताना खांदा तिच्या अंगाला लागतो. निळे अंग, काठाला पांढरी पट्टी आणि तांबडा तळ. मागच्या बाजूला वाकून पाहिले तेव्हा बोट चालवणारे दोन्ही पंखे तळातल्या बोगद्यासारख्या खोल भागात बसवलेले दिसले. बोट उथळ पाण्यात टेकली किंवा तरंगणारे दोरखंड, मोडकी लाकडे आडवी आली तरी पंखे वाचावेत यासाठी ही रचना असते. मी घरी केलेल्या कच्च्या सांगाड्यात पंखे सरळ बाहेर काढले होते.

तिथल्या स्वयंसेवक बाईंना फोनवरचा माझा आराखडा दाखवला. त्यांनी तो एकदाच पाहिला आणि म्हणाल्या की ही बोट तुम्ही उलटी ठेवली आहे. बोट घरात असते तेव्हा तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, समुद्राकडे असते. परत आल्यावर ती पाठीमागून, पिछाडी आधी अशी, यारीच्या दोराने वर ओढून घेतात, म्हणजे पुढच्या हाकेला वळवण्यात एक मिनिटही जात नाही. मी गाडी गॅरेजमध्ये लावावी तशी नाळ आत ठेवली होती. ही चूक कागदावरच सापडली म्हणून पैसे वाचले.

दुपारी स्लिपवेच्या, म्हणजे बोट पाण्यात सोडण्याच्या उतरणीच्या, वरच्या टोकाला उभा राहून फोटो घेतले. समोर एथ होपचे तोंड आणि त्यापलीकडे फर्थ. वारा नसतानाही दूर पाण्यावर पांढरी रेघ हलत होती.

९ नोव्हेंबर

नवा पाया तयार झाला (२२ पौंड). स्लिपवेचा उतार मॉडेलमध्ये १:५ ठेवला आहे. अशा स्टेशनांवर साधारण एवढाच असतो आणि पायाची लांबीही आवाक्यात राहते.

बोटींची संख्या दोन ठरवली. १८७४ ची वल्ह्यांची बोट आणि १९२६ मध्ये आलेली पहिली इंजिनाची बोट फलकांवर येतील. मॉडेल ‘थॉमस मॅकन’ आणि तिच्यानंतर १९६२ मध्ये आलेली ‘टीजीबी’ यांचेच. एकच साचा वापरून दोन्ही बोटी काढाव्यात असा मोह झाला, कारण दोन्ही वॉटसन या नौकारचनाकाराच्या घाटाच्या आहेत. परंतु एक साडेपंचेचाळीस फुटांची आणि दुसरी सत्तेचाळीस फुटांची. १:४८ मापात पहिली २८९ मिलिमीटर आणि दुसरी २९८ मिलिमीटर होते. नऊ मिलिमीटर कोणाला कळणार, असे एकदा मनात आले. पण दोन्ही एकाच कपाटात खाली-वर ठेवल्यावर डोळ्याला ते कळते, हे पुठ्ठ्याचे आकार कापून ठेवल्यावर पटले. दोन साचे केले.

१७ नोव्हेंबर

अंगाच्या पाट्या बसवताना पूर्ण अपयश आले. या बोटींचे अंग महोगनीच्या तिरप्या पाट्यांच्या दोन थरांचे असे, आणि दोन थरांचा तिरपेपणा एकमेकांच्या उलट असे. मी ०.६ मिलिमीटरच्या लाकडी पापुद्र्याच्या पट्ट्या पांढऱ्या गोंदाने चिकटवल्या आणि घाईत दोन्ही थर एकाच दिशेने लावले. रात्रभर वाळल्यावर सकाळी पाहतो तर बोट नाळेपासून पिछाडीपर्यंत पिळवटलेली होती, आणि गोंदाच्या पाण्याने पट्ट्या फुगून काठाशी सुटल्या होत्या.

२४ नोव्हेंबर

उपाय प्रत्यक्ष बोटींतच होता. त्यांत दोन थरांच्या मध्ये सुती कापड घालत. मी पत्नीच्या जुन्या मलमलच्या ओढणीचे तुकडे कापले, पहिल्या थरावर पातळ झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ताणून बसवले आणि दुसरा थर उलट तिरपेपणाने लावला. पिळवटणे थांबले. अंगठ्याने दाबून पाहिले तर अंग पहिल्यापेक्षा पुष्कळ कडक लागते. ज्या कारणासाठी मोठ्या बोटी अशा बांधत तेच कारण या हातभर बोटीलाही लागू पडले, याचा मनापासून आनंद झाला. लाकूड आणि पापुद्रा मिळून ४१ पौंड, आणि दोन आठवडे गेले.

७ डिसेंबर, अर्व्हिन

‘टीजीबी’ पाहण्यासाठी स्कॉटिश मॅरिटाइम म्युझियममध्ये गेलो. या बोटीविषयी आधी लिहून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक अडचण तिच्याशी जोडलेली आहे.

१७ मार्च १९६९, सोमवार. आग्नेयेकडून वादळ होते. इंधन संपलेले ‘आयरीन’ नावाचे लायबेरियाच्या निशाणाचे मालवाहू जहाज ऑर्कनीच्या पूर्वेला वाहत चालले होते. संध्याकाळी आठच्या सुमारास ‘टीजीबी’ ब्रिम्सच्या स्लिपवेवरून उतरली. बोटीवर आठ जण होते. कॉक्सन, म्हणजे आपल्याकडचा तांडेल, डॅन कर्कपॅट्रिक आणि त्यांचे दोन मुलगे. यांत्रिक रॉबर्ट जॉनस्टन आणि त्यांचे दोन मुलगे. आणखी दोघे. सगळे त्याच लहानशा वस्तीचे. रात्री साडेनऊच्या सुमारास बोटीशी संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी थर्सोच्या लाइफबोटीला ती टॉर नेसच्या नैऋत्येला सुमारे चार मैलांवर उलटी तरंगताना सापडली. आठही जण गेले होते. सात देह मिळाले, एक कधीच मिळाला नाही.

डॅन कर्कपॅट्रिक नवखे नव्हते. १९५९ मध्ये ‘स्ट्रॅथको’, १९६४ मध्ये ‘बेन बारव्हस’ आणि १९६८ मध्ये ‘रॉस प्यूमा’ या मच्छीमार जहाजांवरच्या बचावकार्यांसाठी त्यांना तीन रौप्यपदके मिळाली होती. पहिले पदक ‘थॉमस मॅकन’च्या काळातले, पुढची दोन ‘टीजीबी’च्या. ‘रॉस प्यूमा’वरच्या १५ जणांना त्यांनी १९६९ च्या आदल्याच वर्षी जिवंत आणले होते.

ग्लासगोचे नौकारचनाकार जॉर्ज लेनक्स वॉटसन यांच्या घाटाच्या या बोटी रुंद आणि पाण्यात स्थिर असत, म्हणून खलाशांचा त्यांच्यावर विश्वास होता. पण एकदा पूर्ण उलटल्या की त्या आपोआप सरळ होत नसत. लाँगहोपनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १९७० मध्ये, फ्रेझरबर्गची लाइफबोट उलटून पाच जण गेले. ब्रिटनमधील लाइफबोट संस्थेने, म्हणजे आरएनएलआयने, यापुढच्या बोटी आपोआप सरळ होणाऱ्याच असाव्यात हा निर्णय घेतला त्यामागे ही दोन वर्षे आहेत.

‘टीजीबी’ला मात्र मोडीत काढले नाही. दुरुस्त करून ती आयर्लंडच्या अरनमोर बेटावर पाठवली गेली आणि तिने पुढे पुष्कळ वर्षे काम केले. आज ती अर्व्हिनला आहे. मी तिच्या अंगावरच्या वळणांची मापे घेण्यासाठी गेलो होतो आणि ती घेतलीही, परंतु पहिला अर्धा तास वही उघडली नाही.

४ ते १९ जानेवारी २०२५

पहिल्या आराखड्याप्रमाणे मॉडेलच्या उजव्या बाजूला वादळी समुद्र दाखवायचा होता : रेझिनच्या लाटा आणि त्यांच्यावर ‘टीजीबी’. रेझिनवर ४६ पौंड खर्च झाले. पहिल्या ओतकामात रेझिन थंड खोलीत नीट घट्ट झाले नाही आणि चिकट राहिले. दुसऱ्या वेळी खोली गरम ठेवली, लाटा पारदर्शक आणि उंच झाल्या, फेसाला कापूस लावला.

दिसायला ते देखणे झाले आणि नेमकी तीच अडचण होती. त्या रात्री बोटीवर काय घडले हे पाहणारा कोणीही वाचलेला नाही. मी लाटेला जो आकार दिला तो माझ्या मनातला होता आणि आठ माणसांचा मृत्यू मी सजावट म्हणून मांडत होतो. १९ तारखेला तो भाग करवतीने कापून काढला. मॉडेल स्टेशनचे आहे, स्टेशनवरून दिसते तेवढेच त्यात राहील : घर, स्लिपवे, खाडीचे तोंड. रेझिन आणि सोळा दिवस वाया गेले, याची हळहळ नाही.

२ फेब्रुवारी

फलकांच्या मजकुरात दोन चुका सापडल्या. दोन्ही माझ्या होत्या आणि दोन्ही कोणालाही सहज होतील अशा आहेत.

पहिली चूक : मी लिहिले होते की ‘आयरीन’च्या १७ जणांना वाचवताना आठ जणांनी प्राण दिले. हे वाक्य कानाला बरे वाटते पण खरे नाही. ‘टीजीबी’ त्या जहाजापर्यंत पोचलीच नव्हती. ‘आयरीन’ साउथ रोनल्डसे बेटाच्या ग्रिम नेसवर चढले आणि त्यावरच्या १७ जणांना तटरक्षक पथकांनी किनाऱ्यावरून, दोरावर सरकणाऱ्या बोयात एकेकाला बसवून, सुखरूप काढले. आठ जण त्यांच्याकडे निघाले होते, एवढेच लिहिणे बरोबर आहे.

दुसरी चूक नकाशावरची. बोट पूर्वेकडे निघाली म्हणून ती सापडल्याची खूणही मी पूर्वेला केली होती. टॉर नेस हॉयच्या बाजूला, पश्चिमेकडे आहे. फर्थमध्ये भरतीचा प्रवाह पूर्वेकडे आणि ओहोटीचा पश्चिमेकडे वाहतो, आणि त्या प्रवाहाने बोटीला तिच्या स्वतःच्या स्टेशनवरून पुढे पश्चिमेकडे नेले होते. आता नकाशावर दोन्ही खुणा आहेत, ब्रिम्स त्यांच्या मध्ये येते.

‘कॉक्सन’साठी आधी ‘कप्तान’ लिहिले होते, ते बदलून ‘तांडेल’ केले. कप्तान म्हटले की जहाजावरचा नोकरीचा अधिकारी डोळ्यांसमोर येतो. येथे गावातलाच, ज्याच्या शब्दावर शेजारी बोटीत चढतात असा माणूस सांगायचा आहे.

१६ फेब्रुवारी

बोट सोडण्याची रचना बसवली. प्रत्यक्षात कण्याखालच्या खोबणीत बोट साखळीने अडकवून ठेवलेली असते, तांडेलाने इशारा केला की एक जण हातोड्याने अडसर पाडतो आणि बोट स्वतःच्या वजनाने घसरत जाते. मॉडेलमध्ये पितळी सळईचा अडसर केला (सळई, दोरे वगैरे १७ पौंड). अडसर काढला तर बोट जागची हलली नाही. पाव किलोच्या बोटीला रंगवलेल्या लाकडावरचे घर्षण पुरून उरते. पोटात शिशाचे तुकडे घातले, तेव्हा ती निम्म्यावर येऊन थांबली. शेवटी खोबणीतला रंग खरवडून मेणबत्तीचे मेण घासले आणि चिंधीने चकचकीत केले. आता बोट एका दमात खाली येते. खऱ्या स्लिपवेवरही ग्रीस लावतात हे मला ठाऊक होते. ते मॉडेलला लागू करायला दोन संध्याकाळी लागल्या.

८ मार्च

शेवटचा फलक लिहून झाला. यात दुर्घटनेनंतरचे आहे. स्टेशन बंद झाले नाही. ज्या वस्तीने एका रात्रीत बापासह मुलगे गमावले होते तिथूनच नवे खलाशी पुढे आले आणि १९७० मध्ये ब्रिम्सला पुन्हा लाइफबोट उभी राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजमातेच्या हस्ते ऑझमंडवॉलच्या पुतळ्याचे अनावरण झाले. १९९९ मध्ये बोट लाँगहोपच्या धक्क्यावर गेली, आणि २००६ पासून तेथे टेमार वर्गाची ‘हेलन कॉम्री’ आहे, जी २५ नॉट वेगाने जाते आणि उलटली तर आपोआप सरळ होते. खलाशी आजही स्वयंसेवक आहेत आणि खर्च देणग्यांतून चालतो.

एकूण खर्च : पाया २८ आणि २२, लाकूड ४१, पितळ आणि दोरे १७, रंग ३४, रेझिन ४६, म्हणजे १८८ पौंड. त्यातले ७४ पौंड, पहिला पाया आणि रेझिन, सरळ वाया. प्रवासखर्च वेगळा. पाच महिने लागले, तीन पुरले असते.

१७ मार्च, वाचनालय

मॉडेल काचपेटीत बसवले. एरवी घरात ‘थॉमस मॅकन’ राहील, जशी ती आज ब्रिम्सला आहे, आणि ‘टीजीबी’ खालच्या खणात तिच्या फलकाजवळ. आज मात्र सकाळी घरात ‘टीजीबी’ ठेवली. संध्याकाळी आठ वाजता अडसर काढला, बोट खाली आली, ती उचलून खणात ठेवली आणि घराची दारे उघडी ठेवून आत काही ठेवले नाही. उद्या दुपारी ‘थॉमस मॅकन’ आत जाईल. वाचनालय सांभाळणाऱ्या काकांनी हे दरवर्षी करायचे कबूल केले आहे, म्हणून पेटीच्या मागे चिठ्ठी लावली आहे : बोट उचलताना दोन्ही हात कण्याखाली घालावेत. काठाच्या पितळी कठड्याला धरू नये, तो केसाएवढ्या तारेचा आहे आणि आज एकदा माझ्याच हातून तुटून पुन्हा जोडला आहे.